मार्स्टालचं सागरी संग्रहालय: गोव्याहून जाणाऱ्याने काय पाहावं, काय सोडावं

डेन्मार्कच्या दक्षिणेला एरो नावाचं बेट आहे. क्षेत्रफळ ८८ चौरस किलोमीटर, वस्ती सहा हजारांच्या आसपास. बेटाच्या पूर्व टोकाला मार्स्टाल हे बंदर. आज इथे उन्हाळ्यात हौशी शिडाच्या होड्या लागतात आणि हिवाळ्यात गाव झोपतं. पण १८९०च्या दशकात याच गावात तीनशेवर जहाजांची नोंद होती. कोपनहेगन सोडलं तर अख्ख्या देशात इतकी जहाजं दुसऱ्या कुठल्याच बंदराची नव्हती. एवढ्याशा गावाला हे कसं जमलं, याचं उत्तर गावातलं सागरी संग्रहालय देतं. १९२९ साली सुरू झालेलं हे संग्रहालय गोव्यातल्या माणसाने पाहावं असंच आहे.

आधी निकाल सांगून टाकतो. घरात कोणी तारवटी (जहाजावर नोकरी करणारा) असेल, मांडवीवरच्या बार्जवर कोणी काम करत असेल, किंवा मेस्त (सुतार) होडी कशी उभी करतो हे पाहत तासभर उभं राहायची सवय असेल, तर मार्स्टालला एक पूर्ण दिवस द्या. जुनी रंगीत घरं आणि गुलाबाच्या वेली यांचे फोटो हवे असतील तर त्याच बेटावरचं एरोस्कोबिंग जास्त आवडेल. फक्त तिथे जाऊन ‘बेट पाहिलं’ म्हणून परतू नका, कारण बेटाची खरी कमाई मार्स्टालची. तमिळनाडूतल्या तरंगंबाडीच्या डॅनिश किल्ल्याचा इतिहास ठाऊक असलेल्यांना इथे तो धागा जोडावासा वाटेल. पण १६२० ते १८४५ ही तरंगंबाडीची गोष्ट कोपनहेगनच्या राजाची आणि कंपन्यांची. मार्स्टालवाल्यांच्या डोक्यावर कुठल्या कंपनीचं छत्र नव्हतं, आणि तिथूनच त्यांचा इतिहास सुरू होतो.

बेटावर व्यापाराचा हक्क एरोस्कोबिंगकडे होता. सनद असलेलं बाजारपेठेचं गाव ते. मार्स्टालला तसा हक्क नव्हता, त्यामुळे दुकान मांडून श्रीमंत होण्याची वाट बंद. जमीनही बेताचीच. उरला समुद्र. म्हणून मार्स्टालवाल्यांनी दुसऱ्याचा माल भाड्याने वाहायचा धंदा धरला: धान्य, लाकूड, कोळसा, मीठ, मासळी, जे मिळेल ते. माल आपला नाही, म्हणजे भांडवलही मालात अडकत नाही. सगळा पैसा जहाजात. गावाची वाढ समजून घ्यायला एवढी एक गोष्ट पुरते.

त्यात भर म्हणजे एरो बेट १८६४पर्यंत डेन्मार्कच्या राज्यात थेट मोडतच नव्हतं, ते श्लेसविगच्या डचीचा, म्हणजे ड्यूकच्या संस्थानाचा, भाग होतं. जकातीचे नियम वेगळे, आणि जिथे जकात वेगळी तिथे चोरटा माल आलाच. गोव्याच्या सीमेवरच्या पत्रादेवी आणि पोळेच्या नाक्यांवरच्या १९६१ आधीच्या कथा ज्यांनी घरी ऐकल्या आहेत, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. १८६४च्या युद्धात डेन्मार्कने श्लेसविग गमावलं, पण तहातल्या अदलाबदलीत एरो मात्र डेन्मार्कला मिळालं.

संग्रहालयात शिरण्याआधी बंदराच्या धक्क्यावर जा आणि समोर दगडी बांध पाहा. लांबी साधारण एक किलोमीटर. मार्स्टालचं बंदर पूर्वी वाऱ्याला उघडं होतं. वादळ आलं की नांगरलेली जहाजं एकमेकांवर आदळायची, काठावर चढायची. सरकारची वाट न पाहता १८२५च्या जानेवारीत गावकऱ्यांनी स्वतःच बांध घालायला घेतला, आणि ते काम पुढे पंधरा-एक वर्षं चाललं. पद्धत पाहण्यासारखी आहे. हिवाळ्यात समुद्र गोठायचा, जहाजं बंदरात अडकून पडायची आणि खलाशी रिकामे असायचे. म्हणजे मजूर फुकट, आणि वाहतुकीला बर्फाचा रस्ताही फुकट. मोठाले धोंडे बर्फावरून ओढत जागेवर आणायचे, तिथे बर्फ फोडून खाली सोडायचे. उन्हाळ्यात हेच काम करायचं तर प्रत्येक धोंडा होडीत चढवून पुन्हा उतरवावा लागला असता. ज्या वर्षी थंडी नीट पडायची नाही, त्या वर्षी अर्थातच हात आखडता. आपल्या मुरगावचा बंधारा रेल्वे कंपनीच्या पैशातून उभा राहिला. मार्स्टालचा बांध खलाशांच्या रिकाम्या दिवसांतून उभा राहिला. दगड नीट पाहिले तर घडीव फार नाहीत. शेतातून, किनाऱ्यावरून जसे मिळाले तसे रचलेले आहेत. दोनशे वर्षं तो बांध काम करतोय.

आता आत चला. संग्रहालयात वस्तूंची इतकी दाटी आहे की क्रम ठरवून गेलं नाही तर दुसऱ्या खोलीतच डोकं जड होतं. जहाजांच्या दोनशेहून अधिक प्रतिकृती, कप्तानांनी परदेशी बंदरांत काढून घेतलेली जहाजांची चित्रं, होकायंत्रं, पेट्या, देशोदेशींहून आणलेल्या वस्तू. यातलं पहिलं पाहायचं ते अर्ध्या जहाजांचे लाकडी नमुने. बहुतेक लोक त्यांच्यापुढून सरळ निघून जातात, कारण ते भिंतीवर लावलेल्या शोभेच्या फळीसारखे दिसतात. पण त्या गावातल्या जहाजबांधणीचं सगळं शास्त्र त्या फळीत आहे.

जहाज बांधायचं ठरलं की बांधणारा आधी लाकडात जहाजाची एकच बाजू कोरायचा. दोन्ही बाजू सारख्याच, मग दुसरी कोरायची कशाला? कप्तान तो तुकडा हातात फिरवून पाहायचा. पोट जरा जास्त ठेव, नाळ (जहाजाचं पुढचं टोक) जरा बारीक कर, पिछाडी उचल, असं बोलणं व्हायचं आणि दोघांचं जमेपर्यंत लाकूड तासलं जायचं. मग त्या नमुन्यावरून ठरावीक अंतरावर मापं घ्यायची, ती कित्येक पटींनी वाढवून जमिनीवर खऱ्या आकाराच्या रेषा आखायच्या आणि त्या रेषांवरून ओकच्या बरगड्या कापायच्या. काही नमुने एकावर एक फळ्या खुंट्यांनी जोडून केलेले असतात. खुंट्या काढल्या की प्रत्येक फळी म्हणजे पाण्याच्या एकेका पातळीवरचा जहाजाचा आकार. कागद, कंपास, गणित यांची गरजच नाही. चूक व्हायची ती माप वाढवताना. नमुन्यावर केसभर हुकलं तर खऱ्या बरगडीत बोटभर फरक पडतो, आणि मग बाहेरच्या फळ्या बसवताना कुठेतरी पोट येतं किंवा खळगा पडतो. आपल्याकडचा जुना मेस्त नजरेने आणि हाताच्या मापाने बांधत आला, त्याच्याकडे असा नमुनाही नसायचा. दोन्ही पद्धती कोणाला मनात ताडून पाहायच्या असतील तर या भिंतीपुढे अर्धा तास सहज जातो.

नमुन्यांत तीन गोष्टी शोधा. पहिली, तळ फार खोल नाही. मार्स्टालच्या आसपासचं पाणी उथळ, आणि जिथे माल मिळायचा ती बंदरंही लहान. दुसरी, नाळ गोलसर आणि भरलेली. वेग थोडा जातो, पण पोटात माल जास्त मावतो, आणि भाडं मिळतं ते मालाचं. तिसरी पिछाडी: मार्स्टालच्या स्कूनर जहाजांची पिछाडी मागून पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराची दिसते. ही त्या गावची खूण. एकदा डोळ्यात बसली की चित्रांतलं मार्स्टालचं जहाज लगेच ओळखता येतं.

स्कूनरच का, हा प्रश्न फत्तेमारी (आपल्या किनाऱ्यावरचं शिडाचं मालवाहू जहाज) पाहिलेल्या माणसाला पडायला हवा. फत्तेमारीचं शीड तिरक्या परबाणावर, म्हणजे शीड बांधायच्या लांब लाकडावर. वारा मागून किंवा बाजूने असेल तर उत्तम चालतं, पण दिशा बदलायची तर ते जड परबाण डोलकाठीच्या दुसऱ्या बाजूला न्यावं लागतं आणि त्याला माणसं लागतात. मोठ्या जहाजांची आडवी चौकोनी शिडं गुंडाळायला डोलकाठीवर चढावं लागतं, तिथेही माणसं लागतात. स्कूनरची मुख्य शिडं जहाजाच्या लांबीच्या रेषेत असतात, दोर डेकवरून ओढले की झालं. पाच-सहा माणसांत अटलांटिक ओलांडता येतो. पगार कमी, शिधा कमी, भाड्यातून उरणारा पैसा जास्त. पुढच्या डोलकाठीवर वरच्या बाजूला एक-दोन आडवी शिडं ठेवायचे ती मोकळ्या समुद्रात मागच्या वाऱ्याचा फायदा घ्यायला.

दुसरी थांबायची जागा म्हणजे न्यूफाउंडलंडच्या फेऱ्यांचा भाग. गोव्यात ज्यांच्या घरी पोर्तुगीज काळापासून बाकल्याव (खारा कॉड मासा) शिजतो, त्यांना इथे खास गंमत आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून १९३०च्या दशकापर्यंत मार्स्टालची छोटी स्कूनर जहाजं न्यूफाउंडलंड आणि लाब्राडोरच्या किनाऱ्यावरून वाळवलेला खारा कॉड मासा भरून पोर्तुगाल, स्पेन, इटलीकडे न्यायची. जाताना पोटात दक्षिण युरोपातलं मीठ. आपल्या आगरवाड्याच्या किंवा रायबंदरच्या मिठागरातल्यासारखंच उन्हात सुकवलेलं समुद्राचं मीठ. ते तिथे उतरवायचं आणि त्याच मिठात मुरलेली मासळी परत आणायची. लिस्बनच्या ताटात पडणाऱ्या बाकल्यावचा काही हिस्सा असा डॅनिश खलाशांनी वाहिलेला.

मोठी वाफेची जहाजं असताना हे काम शिडाच्या चिमुकल्या जहाजांकडे टिकलं कसं? मासळी किनाऱ्यावरच्या लहान लहान वस्त्यांत वाळायची. एका जागी मोठ्या जहाजाचं पोट भरेल एवढा माल नसायचा, आणि तिथले धक्केही तोलामोलाचे नव्हते. लहान जहाज थेट वस्तीपुढे जाऊन भरून निघायचं. शिवाय खारवलेली मासळी ओल धरते. पोटात पाणी शिरलं की वास, बुरशी, आणि ग्राहकाने माल नाकारला तर अख्खी फेरी पाण्यात. म्हणून आतून लाकूड टाकून माल तळापासून वर उचलायचा, झाकणं ताडपत्रीने घट्ट बांधायची आणि जितकं लवकर जाता येईल तितकं जायचं. आपलं खारें (खारवलेली सुकी मासळी) पावसाळ्यासाठी डब्यात भरणाऱ्या बाईला या मालाची नजाकत वेगळी सांगावी लागत नाही. फरक इतकाच की ही फेरी उत्तर अटलांटिकच्या हिवाळ्यात पडायची. दोरांवर, डोलकाठीवर, कठड्यांवर उडालेलं पाणी गोठून थर चढायचा. वरचं वजन वाढलं की जहाज कलतं ते परत सरळ होत नाही. म्हणून कुऱ्हाडी-हातोड्यांनी बर्फ फोडत राहायचं, रात्री सुद्धा. कितीतरी जहाजं निघाली ती पोचलीच नाहीत.

हे वाचून झालं की जहाजाच्या प्रतिकृतीत स्वयंपाकाची खोली किती मोठी आहे ते शोधा. डेकवरची एक पेटीच ती. त्यात चुलीपुढे उभा असायचा चौदा-पंधरा वर्षांचा पोरगा. शाळा संपली की पहिली नोकरी हीच: सगळ्यांचा स्वयंपाक, आणि वर शिडाच्या कामालाही हात. पुढे खलाशी, मग नाविक शाळा, मग मेट (कप्तानाच्या हाताखालचा अधिकारी), मग कप्तान. ती चढण चढण्याची सोय गावातच होती, आणि मार्स्टालची नाविक शाळा आजही अधिकारी घडवते. आपल्याकडे घरातला पोरगा मुंबईला धोबीतलावच्या कुडात (गोवेकरांच्या वसतिगृहात) जाऊन जहाजाची वाट पाहायचा. शिकून वर चढण्याची शाळा दाराशी नव्हती, आणि म्हणून आपले तारवटी पिढ्यान् पिढ्या स्वयंपाकी आणि वाढपी म्हणून ओळखले गेले. हा फरक मला तरी संग्रहालयातल्या कुठल्याही प्रतिकृतीपेक्षा मोठा वाटतो.

मालकीचा हिशोबही पाहण्याजोगा आहे. जहाज एका शेठचं नसायचं. त्याचे वाटे पाडलेले: कप्तानाचा, बांधणाऱ्याचा, शिडं शिवणाऱ्याचा, गावातल्या विधवेचा, कधी घरकामाला असलेल्या बाईचाही एखादा लहानसा वाटा. वर्षाअखेर खर्च वजा जाता उरेल ते वाट्याप्रमाणे. कोमुनिदादीच्या (गावच्या सामायिक जमिनीच्या संस्थेच्या) जोणासारखीच, म्हणजे वार्षिक वाट्यासारखीच ही रीत, फक्त जमिनीऐवजी समुद्रावर. शहाणा माणूस सगळे पैसे एका जहाजात घालायचा नाही, पाच जहाजांत थोडे थोडे घालायचा, म्हणजे एक बुडालं तरी घर बुडत नाही. दुसरी बाजूही होती. जहाज गेलं की एकाच गल्लीत नवरा गमावलेली बाई आणि पैसा गमावलेली बाई दोघीही सापडायच्या, कधी एकीतच. पहिल्या महायुद्धात सुरुंग आणि पाणबुड्यांनी मार्स्टालची बरीच जहाजं घेतली. उरलेल्यांत इंजिनं बसली, लाकूड जाऊन पोलाद आलं, आणि शिडांचा काळ आटोपला.

चित्रांच्या दालनात कार्ल रासमुसेन याला वेळ द्या. जन्म १८४१, एरोस्कोबिंगचा. ग्रीनलंडची चित्रं काढून नाव कमावलं आणि मार्स्टालमध्ये राहिला. १८९३ साली ग्रीनलंडहून परतताना समुद्रातच गेला. मार्स्टालच्या चर्चमधलं वेदीवरचं चित्रही त्याचंच: वादळ शांत करणारा ख्रिस्त. नावेतल्या शिष्यांचे चेहरे गावातल्या माणसांवरून काढलेले, असं सांगतात. चर्चच्या छताला जहाजांच्या प्रतिकृती टांगलेल्या आहेत. पाहायला पंधरा मिनिटं पुरतात, पण चुकवू नका.

बंदरावर परत आलात की जुन्या लाकडी जहाजांच्या दुरुस्तीचं आवार पाहा. १९१४ साली मार्स्टालमध्येच बांधलेली ‘बोनाविस्टा’ ही स्कूनर याच गावात नव्याने उभी केली गेली. नाव न्यूफाउंडलंडमधल्या गावाचं, म्हणजे कुठल्या धंद्यासाठी बांधली ते नावातच आलं. बंदराच्या आत एका छोट्या बेटावर चुन्याची जुनी भट्टी दिसते, ती दुरून पाहिली तरी चालते. ऊन असेल तर गावाबाहेरचं सौर तापगृहही पाहा: ३३,००० चौरस मीटरहून अधिक पॅनल आणि ७५,००० घनमीटरचा पाण्याचा खड्डा, ज्यात उन्हाळ्याची उष्णता साठवून हिवाळ्यात नळांतून घराघरांत पोचवतात.

एरोस्कोबिंगला दुपार द्या, त्याहून जास्त नको. तिथल्या बाटलीतल्या जहाजांच्या संग्रहालयाला मात्र माझी पूर्ण शिफारस. पीटर याकोबसेन, लोकांचा ‘बाटली पीटर’, जन्म १८७३, मृत्यू १९६०. जहाजावरचा स्वयंपाकी. आयुष्यात सतराशेच्या आसपास जहाजं त्याने बाटल्यांत घातली. युक्ती अशी: जहाजाचं अंग बाटलीच्या गळ्यातून जाईल इतपतच रुंद. डोलकाठ्या बुंध्याशी बिजागरीसारख्या, मागे आडव्या पडणाऱ्या. प्रत्येक डोलकाठीचा दोरा पुढच्या तिरक्या काठीतल्या भोकातून बाहेर काढलेला. आधी बाटलीत निळ्या लांबीचा (पुट्टीचा) समुद्र थापायचा, मग जहाज शेपटीकडून आत सरकवून लांबीत दाबायचं, आणि बाहेरून दोरे ओढले की डोलकाठ्या उभ्या राहतात. दोऱ्यांना गोंद लावून, वाळल्यावर लांब सळईच्या टोकाला लावलेल्या पात्याने ते कापायचे. घोटाळा होतो तो घाईमुळे. लांबी पुरती सुकण्याआधी बूच लावलं की तेलाची वाफ काचेवर आतून धरते आणि समुद्रावर कायमचं धुकं पडतं, ते पुसायला हात जात नाही. गोव्यात कोणी करून पाहणार असेल तर फेणीच्या बाटल्यांची ददात नाही, पण काम नोव्हेंबरनंतर काढा. पावसाळ्याची हवा आत कोंडली तर दोऱ्यांवर बुरशी येणार.

त्याच गावातल्या खिडक्यांत चिनी मातीच्या कुत्र्यांची जोडी दिसेल. इंग्लंडहून आणलेली. नवरा समुद्रावर असला की कुत्र्यांचं तोंड बाहेर, घरी असला की आत. यावर स्थानिक लोक जे विनोद करतात ते इथे छापण्याजोगे नाहीत. बंदराजवळ जुनं स्वयंपाकघरही आहे: लाकडी जहाजं एकमेकांना खेटून उभी असताना डेकवर चूल पेटवायला बंदी होती, म्हणून सगळ्यांनी किनाऱ्यावर येऊन रांधायचं.

जायचं कसं? कोपनहेगनहून रेल्वेने ओडेन्से, तिथे गाडी बदलून स्वेनबोर्ग. स्टेशनपासून बोटीचा धक्का चालत जाण्याइतका जवळ. बोट एरोस्कोबिंगला सव्वा तासात पोचवते. तिथून मार्स्टालला बस, अर्ध्या तासाच्या आत, आणि बेटावरची बस फुकट. आपल्याकडे दिवाडी-चोडणला पायी जाणाऱ्याला फेरीबोट फुकट आणि पुढे बसला तिकीट. तिथे नेमकं उलट, आणि बोटीचं तिकीट स्वस्त नाही. मार्स्टालला थेट यायचं तर रुडकोबिंगहून बोट आहे. जुनी फेरी बंद पडल्यावर गावकऱ्यांनी पैसे उभे करून ती २०१९ साली सुरू केली. बांध घालणाऱ्यांचीच ही नातवंडं. बोटींची आवड असेल तर परतीला बेटाच्या पश्चिम टोकावरच्या सोबीहून फ्युन्सहावला जाणारी ‘एलेन’ घ्या: २०१९ पासून चालणारी पूर्ण विजेवरची फेरी, ४.३ मेगावॅट-तासांची बॅटरी, जाऊन-येऊन साधारण २२ सागरी मैल.

फसगत होते ती तीन ठिकाणी. गाडी घेऊन जाणाऱ्यांना जुलैत बोटीवर आयत्या वेळी जागा मिळत नाही, आधी आरक्षण हवं. गाडी नसली तर काहीच अडत नाही, उलट सोपं जातं. दुसरं, हिवाळ्यात संग्रहालयाच्या वेळा आखडतात, म्हणून मे ते सप्टेंबर हाच काळ धरा आणि जायच्या आदल्या दिवशी वेळ तपासा. तिसरं, राहायची जागा. परदेशी जोडप्यांनी झटपट कायदेशीर लग्न लावायला एरो गाठायची पद्धत पडली आहे, त्यामुळे उन्हाळ्यात बऱ्याच खोल्या नवरा-नवरींनी धरलेल्या असतात. खोली ठरल्याशिवाय विमानाचं तिकीट काढू नका.

चलन डॅनिश क्रोन, युरो नव्हे, आणि बहुतेक ठिकाणी कार्डच चालतं. जेवणात हेरिंग आणि धुरावलेली मासळी चांगली मिळते. शाकाहाऱ्यांनी ब्रेड, चीज आणि बटाट्यावर दिवस काढायची तयारी ठेवावी. ऊन असलं तरी वारा थंड असतो, जाड जॅकेट हवंच. बाटलीतलं जहाज विकत घेतलंत तर ते सामानात देऊ नका. टॉवेलात गुंडाळून हातातल्या पिशवीत ठेवा, आणि बाटली आडवीच राहू द्या. उभी धरली की सुकून सुटलेल्या लांबीवरचं जहाज गळ्याकडे घसरतं, आणि दाबोळीला उतरेपर्यंत डोलकाठ्या पुन्हा आडव्या झालेल्या असतात.